जोगळेवाडीचा अडुळसा

गिरगावातल्या जोगळेवाडीत कुणाला खोकला झाला, की तो आधी तात्या खांबेट्यांना कळायचा, मग घरच्यांना. चाळीच्या भिंती पातळ होत्या हे एक कारण, आणि तात्यांचे कान हे दुसरं. सकाळी सातच्या सुमारास ते गॅलरीच्या कठड्याला टेकून उभे राहत आणि तिन्ही मजल्यांचे खोकले ऐकून घेत. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांना बायकोने मागितलेलं मीठ ऐकू येत नसे, पण वरच्या मजल्यावरचा खोकला कोरडा की ओला, हे ते उभ्या जागेवरून सांगत. त्यांच्या मते खोकल्याचे प्रकार तीन: कोरडा, ओला आणि सोमवारचा. तिसरा शाळेत जाणाऱ्या मुलांना होतो. त्यावर काढा पाजावा लागत नाही, काढ्याची बाटली नुसती दाखवली तरी पुरते.

तात्या पालिकेच्या पाणीखात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. छत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या नळाच्या तक्रारी वाचल्या, आणि त्यावरून त्यांचं असं मत झालं, की माणसाची निम्मी दुखणी पाण्यातून येतात आणि उरलेली फ्रिजमधून. त्यांच्या घरी फ्रिज होता, कारण लतिकाबाईंनी म्हणजे त्यांच्या पत्नीने तो भावाकडून परस्पर आणवला होता. तात्या त्याच्याकडे पाहत नसत. त्यातलं ताक मात्र पीत.

त्यांचा खरा दवाखाना गॅलरीत होता. तेलाच्या कापलेल्या डब्यांमध्ये गवती चहा, पानओवा, तुळस, कोरफड. खिडकीत सहाण, आणि तिच्याशेजारी एका डब्यात हळकुंड, सुंठ, वेखंड, मुरुडशेंग. वाडीत बाळ जन्माला आलं, की बाराव्या दिवशी तात्या सहाण घेऊन हजर. आजकालच्या आया बाळाला डॉक्टरला विचारल्याशिवाय पाणीसुद्धा देत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. त्या तात्यांच्या हातचं उगाळलेलं हळकुंड बाळाच्या कपाळाला तेवढं लावून घेत, आणि तात्या त्यावरही खूश असत.

पण या सगळ्यांच्या वरचा मान अडुळशाचा. चाळीच्या मागे, सार्वजनिक नळ आणि शेजारच्या बिल्डिंगची भिंत यांच्यामधल्या बोळात, पुरुषभर उंचीचं ते झुडूप उभं होतं. तात्यांचे वडील गोविंदराव परळच्या एका गिरणीच्या ऑफिसात कारकून होते. कापसाच्या तुसाने त्यांची छाती भरलेली असायची. सन अठ्ठावन्नमध्ये ते कोकणातल्या गावाहून बोटीने परत येताना गोणपाटात गुंडाळून एक रोप घेऊन आले. बोटीला वादळ लागलं तेव्हा त्यांनी ट्रंक सोडली पण रोप सोडलं नाही, असं तात्या सांगत. पूर्वी ते नुसताच 'जोराचा वारा' म्हणत. वादळ साधारण निवृत्तीनंतर आलं.

रोप लावलं त्या दिवशी वाडीने नारळ फोडला. पुढच्या हिवाळ्यात गोविंदरावांच्या छातीला काढ्याने उतार पडला, आणि जोगळेवाडीच्या अडुळशाचं नाव गिरगावभर झालं. त्या झाडाला वडिलांखेरीज फक्त तात्यांनी हात लावायचा, तोही अंघोळ करून, झाडाची क्षमा मागून, असा नियम. तात्यांनी पानं आणून ओट्यावर ठेवायची, लतिकाबाईंनी काढा उकळायचा, आणि मग तो रिकाम्या कफ सिरपच्या बाटल्यांमध्ये भरून तात्यांनी घरोघर पोचवायचा. स्वतःचा चमचा खिशात. पहिला घोट समोर घ्यायला लावायचे. तिसऱ्या दिवशी पुन्हा चौकशीला. काढा असा जहर कडू होता, की बरेचसे लोक त्या तिसऱ्या दिवसाच्या भीतीनेच बरे होत.

आता वाडीचा पुनर्विकास ठरला होता. तीन मजली चाळीच्या जागी बावीस मजली टॉवर. कायद्याला एवढ्या सह्या लागत नव्हत्या, पण वाडीने गणपतीसमोर ठरवलं होतं, की सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या झाल्याशिवाय पहिली कुदळ मारायची नाही. अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांपैकी सत्तेचाळीस सह्या गेल्या जूनमध्येच झाल्या. अठ्ठेचाळिसावी तात्यांची. तात्यांची अट साधी होती. नव्या इमारतीच्या आवारात अडुळशाला चार फूट बाय चार फूट मोकळी माती हवी, कुंडी चालणार नाही.

"तात्यानू, बावीस माळ्यांची बिल्डिंग एका झुडपासाठी अडली, सांगाक लाज वाटता हो," कमिटीचा सेक्रेटरी रामदास परब हात जोडून म्हणाला होता. त्याच्या घरात पाच माणसं आणि एक खोली होती. मुलीचं लग्न ठरत होतं आणि पाहुण्यांना बसवायला जागा नव्हती.

"रामदास, तुझा डांग्या खोकला कशाने गेला?" तात्यांनी विचारलं.

"ह्याच काढ्यान."

"मग?"

रामदासने जोडलेले हात खाली घेतले. असं एकेका घराचं एकेक दुखणं तात्यांना पाठ होतं, आणि त्यामुळे वाडी आठ महिने वैतागली तरी त्यांच्याशी भांडली नाही. भांडायला गेलेला माणूस आपल्याच लहानपणीचा गोवर ऐकून परत येई.

दिवाळीनंतर शेजारची बिल्डिंग पडली, म्हणजे रीतसर पाडली. तिथेही टॉवर होणार होता. भिंत गेली आणि साठ-पासष्ट वर्षांत पहिल्यांदा मागच्या बोळात ऊन आलं. नळाजवळची शेवाळ वाळली, आणि अडुळशाने अंग धरलं. नवी पालवी फुटली, आणि जानेवारीच्या शेवटी फांद्यांच्या टोकांना कणसासारखे तुरे दिसू लागले.

तात्यांना आनंद मावेना. त्यांनी त्या झाडाचं फूल जन्मात पाहिलं नव्हतं. पुस्तकात वाचलं होतं, आणि विचारणाऱ्याला ते अनेक वर्षं सांगत आले होते, की अडुळशाला पांढरी फुलं येतात, आमच्याला सावलीमुळे येत नाहीत. आता ते जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगू लागले. "पुढच्या रविवारी मीटिंग आहे ना? त्या बिल्डरच्या माणसाला आधी मागे नेऊन फुलं दाखवा. पांढरीशुभ्र. म्हणजे त्याला कळेल कशासाठी मागतोय ते."

सोमवारी सकाळी अंघोळ करून तात्या खाली गेले. पहिलं फूल उमललं होतं. ते निळं होतं.

तात्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. फूल निळंच राहिलं. चांगलं ठसठशीत निळं, शाईच्या दौतीसारखं. ते नळाच्या कट्ट्यावर बसले. मग इकडेतिकडे पाहून त्यांनी फूल खुडलं आणि खिशात टाकलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी झाडाची क्षमा मागितली नाही.

मंगळवारी पाच फुलं होती. बुधवारी अकरा. तात्या आता उजाडायच्या आत, नळावर कुणी येण्याआधी, दात न घासताच खाली जाऊ लागले. एवढ्या लवकर ते पूर्वी फक्त पाणी नसलं की उठत. खिसा भरून फुलं आणायची आणि निर्माल्याच्या पिशवीत तळाशी ढकलायची. लोकांना वाटलं, म्हातारा योगासनं करायला लागला.

"फुलां येतली म्हणत होतास ना तात्यानू? खंय असत ती?" रामदासने बुधवारी विचारलं.

"अडुळसा घाई करत नाही," तात्या म्हणाले आणि जिना चढून गेले. एरवी ते तिथेच उभे राहून अर्धा तास बोलले असते.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी एक फूल आणि दोन पानं कागदात गुंडाळली आणि दुसऱ्या मजल्यावर मनवाकडे गेले. मनवा चर्नी रोडजवळच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. लहानपणी तिला सोमवारचा खोकला फार व्हायचा.

"माझे एक मित्र आहेत, भायखळ्याला," तात्या म्हणाले. "त्यांच्याकडे हे झाड आहे. ते बिचारे त्याला अडुळसा समजतात."

मनवाने पान उजेडात धरलं, फूल फिरवून पाहिलं, पानाचा कोपरा तोडून जिभेवर ठेवला.

"कडू नाही," ती म्हणाली. "अडुळसा नाही हा, तात्या. त्याच्याच कुळातला आहे, लांबचा भाऊ म्हणा. फुलं नसताना पान बघून भलेभले फसतात." तिने एक लॅटिन नाव सांगितलं. ते तात्यांच्या तोंडात बसलं नाही.

"विषारी?"

"छे. शोभेचं आहे. कुंपणाला लावतात."

"आणि औषधी?"

मनवाने कागदाची पुडी पुन्हा नीट बांधून त्यांच्या हातात दिली. "तुमच्या मित्राला सांगा, झाड फार छान वाढवलंय त्यांनी."

तात्या खाली उतरले. रात्री जेवले नाहीत. लतिकाबाईंनी विचारलं तर पोट जड आहे म्हणाले. त्यावर सुंठ देऊ का असं त्यांनी विचारलं, तेव्हा नको म्हणाले. खांबेट्यांच्या घरात सुंठेला पहिल्यांदाच कुणी नाही म्हणत होतं.

वादळातून रोप आणलेले वडील, फुटलेला नारळ, गिरगावभर झालेलं नाव, आठ महिने खोळंबलेली सत्तेचाळीस बिऱ्हाडं. हे सगळं एका कुंपणाच्या झाडासाठी. आणि रविवारी ते सगळ्यांसमोर त्याच झाडासाठी जागा मागणार होते. न मागावी तर का नाही, हे सांगावं लागणार. सांगितलं तर मेलेल्या बापाचं हसं होणार. तात्यांना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि ती कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

तरी शनिवारी दुपारी त्यांनी सांगितलीच. लतिकाबाई स्वयंपाकघरात पाटावर बसून मेथी निवडत होत्या. तात्या दारात येऊन उभे राहिले, आत गेले, परत दारात आले.

"बसा तरी," लतिकाबाई म्हणाल्या. "अडुळशाबद्दल आहे ना?"

"तुला कसं कळलं?"

"आठवडाभर अंघोळीआधी खाली जाताय. अंघोळीआधी तुम्ही त्या झाडाच्या वाऱ्यालाही उभं राहत नाही. आणि निर्माल्याची पिशवी मीच बांधते."

तात्या समोर बसले. "लतिका, तो अडुळसा नाही."

लतिकाबाईंनी जुडीतली एक पिवळी काडी बाजूला टाकली. "माहीत आहे."

"काल बघितलीस फुलं?"

"फुलं या आठवड्यात बघितली. माहीत लग्न झाल्यापासून आहे. अडीच महिने झाले असतील तेव्हा."

लतिकाबाई निवडत निवडत बोलत राहिल्या. त्यांचं माहेर चौलचं. तिथे परसाला अडुळशाचंच कुंपण होतं, कारण शेळी त्याला तोंड लावत नाही. लहानपणी खोटं बोललं की आई अडुळशाचं पान चावायला लावायची. लग्न होऊन इथे आल्यावर तात्यांनी मोठ्या थाटात पानं आणून ओट्यावर ठेवली, तेव्हा त्यांनी सवयीने एक चावून बघितलं. पान काकडीसारखं लागलं.

"मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. तुम्ही आणि मामंजी बाहेर पेपर वाचत होता. सासूबाईंनी फडताळातून एक पिशवी काढली, त्यात खरा अडुळसा. तो पातेल्यात टाकला, आणि तुमची पानं..."

"माझी पानं?"

"कढीपत्त्याच्या कुंडीत. म्हणून तर आपला कढीपत्ता असा तरारलेला असतो."

"म्हणजे आईला पहिल्यापासून..."

"पहिल्या उकळीपासून. पण नारळ फुटला होता हो. सगळी वाडी बघायला आली होती. त्या म्हणायच्या, एवढ्या हौसेने बोटीतून आणलं, कसं सांगू? त्या भाजीगल्लीतून आणायच्या. त्यांच्यानंतर मी दादरला जायला लागले, वसईची गंगुबाई बसते फुलबाजाराशेजारी, तिच्याकडे."

"दादरला तू गुरुवारी मठात जातेस."

"मठातही जाते. वाटेतच आहे."

तात्यांनी हिशेबनीस माणसासारखं मनात वर्ष मोजून पाहिलं, आणि मग त्यांचा आवाज चढला. "सेहेचाळीस वर्षं! सेहेचाळीस वर्षं तू मला मूर्ख बनवलंस?"

"बनवलं नाही," लतिकाबाई शांतपणे म्हणाल्या. "राहू दिलं."

यावर काय बोलावं हे पाणीखात्यात शिकवलेलं नव्हतं. मग तात्या हळूच म्हणाले, "बाबांना कळलं होतं?"

"नाही. ते सुखाने गेले."

"आणि मी?"

"तुम्हालाही तसंच जाऊ दिलं असतं. त्या शेजारच्या बिल्डिंगने घात केला."

तात्यांना हसू आलं, आणि त्याच्यामागोमाग डोळ्यांत पाणीही आलं. ते लपवायला त्यांनी मेथीची एक काडी उचलली आणि चुकीच्या ढिगात टाकली. "मग मी काय केलं गं आयुष्यभर? काढा तुझा, पानं गंगुबाईची. मी नुसता बाटल्या वाहणारा."

लतिकाबाईंनी काडी उचलून योग्य ढिगात ठेवली. "गुणाजीची बायको गेली तेव्हा आठवतं? तो दार उघडत नव्हता. जेवणाचे डबे बाहेर तसेच राहायचे. त्याला कसला खोकला होता? तुम्ही रोज सकाळी बाटली आणि चमचा घेऊन दाराशी उभे. खोकल्याचा आवाज आला म्हणायचात, दार उघड. चौथ्या दिवशी उघडलं त्याने, वैतागून का होईना. मला काढा करता येतो. असं दाराशी उभं राहणं मला मेलीला सात जन्मात जमलं नसतं."

तात्या उठताना म्हणाले, "उद्या मीटिंगला तू पण चल."

"मी कशाला? मी कधी येते?"

"म्हणूनच."

रविवारी दहा वाजता अंगणात सतरंज्या आणि खुर्च्या मांडल्या होत्या. तात्या पुढच्या रांगेत बसले, लतिकाबाई मागे बायकांमध्ये. पहाटे ते खाली गेले नव्हते. बोळात निळी फुलं भरभरून उमलली होती, पण मीटिंगच्या गडबडीत तिकडे अजून कुणी फिरकलं नव्हतं.

बिल्डरकडून अभय नावाचा एक तरुण आला होता. त्याने नकाशा उघडला आणि सगळ्यांत आधी तात्यांकडे वळून हात जोडले. "तात्या, तुम्ही जिंकलात. चार बाय चार मंजूर. बघा, इथे, गेटसमोर, सगळ्यांना दिसेल असं. आणि आमच्या मार्केटिंगवाल्यांना तर आयडिया इतकी आवडली, की पितळेची पाटीपण लावायचीय." त्याने फोनवर बघून वाचलं, "कै. गोविंद खांबेटे यांनी कोकणातून आणलेला जोगळेवाडीचा ऐतिहासिक अडुळसा."

टाळ्या पडल्या. रामदासने तर उभं राहून वाजवल्या. आठ महिन्यांनी त्याला त्याची दुसरी खोली दिसू लागली होती. कागद तात्यांच्या मांडीवर आला, पेन हातात आलं. आता फक्त सही करायची होती आणि गप्प बसायचं होतं. वडिलांचं नाव पितळेत कोरलं जाणार होतं. फुलांचं काय, तेवढे दिवस खुडता आली असती. मनवा बोलली नसती, लतिका तर नाहीच नाही. तात्यांनी पेन कागदाला टेकवलं, आणि ते तसंच राहिलं.

"पाटीवर चूक आहे," ते म्हणाले.

"नावात?" अभयने घाईने विचारलं.

"झाडात."

मग तात्या उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. निळी फुलं सांगितली, ती पहाटे खुडली ते सांगितलं, भायखळ्याचा मित्र सांगितला. बोटीचं वादळ मात्र त्यांनी या वेळी वगळलं. तळमजल्यावरच्या नलूमावशी, ज्यांचा दमा त्या काढ्यावर तीस हिवाळे निघाला होता, काठी टेकत म्हणाल्या, "अरे, मग तो मेला एवढा कडू कसा लागायचा?"

"कारण तो खरा होता," तात्या म्हणाले. "आधी माझी आई भाजीगल्लीतून पानं आणायची. नंतर ही. दर गुरुवारी, दादरहून. मला न सांगता."

सगळ्या माना मागे वळल्या. लतिकाबाईंनी पदर सारखा केला आणि जमिनीकडे बघितलं.

"आठ म्हयने!" रामदास ओरडला. "तात्यानू, आठ म्हयने तुम्ही आमका कुंपणाच्या झाडासाठी थांबवलास?" आणि मग त्याला हसू फुटलं. तो हसला तसं अंगण हसलं. गुणाजी हसला, मनवा तोंडावर हात ठेवून हसली, नलूमावशींना हसता हसता ढास लागली आणि चौघं जण एकदम पाणी आणायला धावले. तात्या मध्ये उभे होते. ते म्हणाले, "हसा. माझा हक्क आहे तुमच्यावर, तसा तुमचाही आहे." मग ते खाली बसले. "माझी काही अट नाही. करतो सही."

"थांबा," मागून आवाज आला. लतिकाबाई उभ्या होत्या. वाडीच्या मीटिंगमध्ये त्यांचा आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता, त्यामुळे तो कुणाचा हे कळायलाच काही क्षण गेले. "ते चार फूट मला हवेत."

"पण काकू," अभय म्हणाला, "झाडच जर ते नाहीये..."

"झाड मी आणते. गंगुबाई रोप द्यायला एका पायावर तयार आहे. माझे गुडघे आता दादरचा पूल चढत नाहीत. आणि हे निळं आहे तेही बाजूला राहू दे. मामंजींनी हौसेने आणलंय, फुलं चांगली आलीत. जेवढी यांच्या तावडीतून वाचली तेवढी."

पुन्हा हशा झाला. अभयने घाईघाईने लिहून घेतलं. "आणि पाटीवर कुणाचं नाव घालू?"

"पाटी नको," लतिकाबाई म्हणाल्या. "पाटी लावली की लोक पान चावून बघत नाहीत."

तात्यांनी वळून बायकोकडे पाहिलं. मग त्यांनी कागद तिच्या दिशेने धरला. "आधी तू सही कर."

"काकूंची सही लागत नाही," अभय म्हणाला. "खोली तुमच्या एकट्याच्या नावावर आहे ना. नव्या करारातही तुमचंच नाव आहे."

"मग तिचं घाला. माझ्या आधी."

"तात्या, त्याला सगळे कागद परत बनवावे लागतील. निदान पंधरा दिवस जातील."

"जाऊ देत."

रामदासने कपाळावर हात मारला आणि खुर्चीत बसकण मारली. लतिकाबाई पुढे आल्या, तात्यांच्या कानाशी वाकल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, करा ना सही. लोक थांबलेत."

"थांबू देत," तात्या म्हणाले. "तू किती थांबलीस." आणि त्यांनी पेनाला टोपण लावून ते अभयच्या हातात परत दिलं.